पुडिंग सगळ्यांना पुरलं

19 डिसेंबर 2020, शनिवार. लंडनमध्ये दिवस मावळायला आला होता. पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून लंडनसह आग्नेय इंग्लंडचा मोठा भाग कडक निर्बंधांखाली जाणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. कोरोनाचा जास्त वेगाने पसरणारा नवा प्रकार सापडला होता. नाताळाच्या दिवशी दुसऱ्या घरातल्या माणसांना आपल्या घरी बोलावता येणार नव्हतं. त्याआधी सरकारने 23 ते 27 डिसेंबर अशी पाच दिवसांची सवलत दिली होती, तीन कुटुंबांनी एकत्र यायला परवानगी होती. त्या भरवशावर लोकांनी टर्की सांगून ठेवल्या होत्या, गाड्यांची तिकिटं काढली होती, पाहुण्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरी घातल्या होत्या. सहा दिवस उरले असताना सगळं रद्द झालं. त्या रात्री सेंट पॅन्क्रास स्थानकावर शेवटच्या गाड्या गाठायला झुंबड उडाली.

पुढच्या शुक्रवारी, 25 तारखेला, असंख्य घरांत दहा-बारा जणांचं टेबल दोघा-तिघांसाठी मांडलं गेलं. राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप हेही त्याला अपवाद नव्हते. 1988 पासून राजघराण्याचा नाताळ सँड्रिंगहॅमच्या वाड्यात होत आला होता. त्या वर्षी मात्र हे नव्वदी ओलांडलेलं जोडपं मुला-नातवंडांशिवाय विंडसरलाच राहिलं. नाताळाच्या भाषणात राणीने सांगितलं की या सणाला अनेकांना हवी आहे ती एक साधी मिठी, किंवा हातावर कुणाच्या तरी हाताचा हलकासा दाब.

तो नाताळ कुणीही आपणहून निवडलेला नव्हता. कित्येक घरांत माणूस गेलेलं होतं, कित्येक म्हातारी माणसं खिडकीच्या काचेआडून नातवंडांना बघत होती. त्याचं गुणगान करता येणार नाही. पण जिथे आजारपण आणि मृत्यू शिरले नव्हते, अशा घरांतून नंतर एक कबुली दबक्या आवाजात ऐकू येऊ लागली. यंदा बरं वाटलं. कुणाकडे आधी जायचं यावरून वाद झाला नाही. जेवण दोन तास उशिरा झालं तरी कुणाचा चेहरा उतरला नाही. मुलं दिवसभर रात्रीच्या कपड्यांतच खेळली. आणि हे बोलून दाखवताना प्रत्येकाला थोडं अपराधी वाटत होतं, सणाशी बेइमानी केल्यासारखं.

असं अपराधी का वाटावं, याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं. कारण जो ‘खरा’, ‘परंपरागत’ नाताळ आपण पुरेसा साजरा केला नाही असं त्या माणसांना वाटत होतं, त्याची परंपरा त्यांच्या समजुतीपेक्षा पुष्कळ तरुण आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडच्या प्युरिटन पंथीयांना नाताळ मुळीच मान्य नव्हता. बायबलात त्याला आधार नाही आणि दारू-दंगा मात्र भरपूर, असं त्यांचं म्हणणं. 1647 मध्ये इंग्लंडच्या संसदेने हा सण रद्द केला. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा 1681 मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये तर 25 डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती 1958 साली. आज एडिंबरात राहणाऱ्या सत्तरीच्या एखाद्या आजींच्या लहानपणी वडील नाताळाच्या दिवशी कामावर जात असतील, तर त्यात नवल काही नाही. मोठा उत्सव तिथे नववर्षाचा होता.

आज आपण ज्याला नाताळ म्हणून ओळखतो, त्याचे बरेचसे तुकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, अवघ्या काही वर्षांत जुळून आले. आणि गंमतीची गोष्ट म्हणजे त्यांतले काही तुकडे माणसाचं काम हलकं व्हावं म्हणून निघालेले होते.

शुभेच्छापत्राचंच बघा. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक कामसू सरकारी अधिकारी होते. पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे पहिले संचालक झाले तेच हे. वर्षअखेरीला ओळखीच्या प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिण्याची रीत होती आणि कोलना तेवढा वेळ नव्हता. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापून घेतलं आणि नाव तेवढं लिहून पाठवलं. हजारभर प्रती छापल्या, उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. पत्रांचं ओझं कमी करण्याची ही सोय काही दशकांत स्वतःच ओझं झाली. कुणाला पाठवलं, कुणाचं आलं, कुणाचं राहिलं याच्या याद्या घरोघर ठेवल्या जाऊ लागल्या.

झाडाचंही पुढे असंच ओझं झालं. जर्मन घरांतली ही पद्धत इंग्लंडच्या राजवाड्यात आधीच आली होती, पण 1848 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने विंडसरच्या किल्ल्यातलं झाड आणि त्याभोवती उभी असलेली राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं असं चित्र छापलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या बायकांच्या मासिकाने तेच चित्र उचललं. राणीच्या डोक्यावरचा मुकुट खोडला, अल्बर्टच्या मिशा काढल्या, आणि राजघराणं एका सुखवस्तू अमेरिकन कुटुंबात बदललं. हजारो बायकांनी ते चित्र पाहिलं आणि आपल्या दिवाणखान्याची त्याच्याशी तुलना केली. आज मोबाइलवर दुसऱ्यांच्या सजलेल्या घरांचे फोटो बघून जीव कासावीस होतो, त्या भावनेची सुरुवात फार मागे, या चित्रात सापडते.

आणि मग इंग्रज कादंबरीकार डिकन्स. ‘अ ख्रिसमस कॅरल’ हे त्याचं छोटेखानी पुस्तक 19 डिसेंबर 1843 ला बाजारात आलं आणि नाताळाच्या पूर्वसंध्येपर्यंत सहा हजार प्रती संपल्या. नाताळाच्या भरल्या टेबलाची कल्पना इंग्रजी मनात रुजवण्याचं श्रेय आणि दोष दोन्ही या पुस्तकाला दिले जातात. पण त्यातल्या ज्या घराचं जेवण वाचकांच्या काळजाला भिडलं, ते घर कुणाचं होतं? बॉब क्रॅचिट या कारकुनाचं. पगार आठवड्याला पंधरा शिलिंग, घरात खाणारी तोंडं आठ, त्यांतला टिम कुबडीवर चालणारा. त्यांच्या ताटात टर्की नाही, गूज आहे. हंसाच्या कुळातला हा पक्षी त्या काळी लंडनच्या कष्टकऱ्यांचा नाताळ. तो घेता यावा म्हणून अनेक जण आठवड्याला थोडे थोडे पैसे ‘गूज क्लब’मध्ये टाकत, आपल्याकडच्या भिशीसारखे. एवढा मोठा पक्षी भाजायला गरिबाघरी भट्टी नसे. नाताळाला बेकऱ्यांत पाव होत नसत, मग शेजारपाजारचे लोक आपापले पक्षी बेकरच्या भट्टीत भाजायला नेत आणि वास दरवळत ते परत आणत. क्रॅचिटांची मुलंही तसंच करतात. पुडिंग शिजतं ते कपडे उकळायच्या हंड्यात, फडक्यात बांधून. उघडताना धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो. गूज लहान आहे म्हणून बटाटे आणि सफरचंदाची चटणी जोडीला. पुडिंगही एवढ्या माणसांना बेताचंच. पण ते लहान आहे असं त्या घरात कुणी म्हणत नाही, कुणाच्या मनातही येत नाही. सगळ्यांना पुरतं.

इतकं साधं जेवण इंग्रजी साहित्यातलं सर्वांत लाडकं नाताळाचं जेवण ठरलं. डिकन्सने शेवटी क्रॅचिटच्या कंजूष मालकाला, स्क्रूजला, पालटवलं आणि त्याच्याकरवी क्रॅचिटांकडे एक अवाढव्य टर्की पाठवली. पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवली ती टर्की. बेकरच्या भट्टीतला गूज मागे पडला.

टर्कीने मात्र आपल्याबरोबर वेळापत्रक आणलं. इंग्लंडची सर्वांत विश्वासाची स्वयंपाकलेखिका डेलिया स्मिथ हिच्या 1990 च्या नाताळाच्या पुस्तकात ‘शेवटचे 36 तास’ असं एक प्रकरणच आहे. पक्षी भट्टीत केव्हा सरकवायचा, बटाटे केव्हा घालायचे, पुडिंग केव्हा वाफेवर ठेवायचं, सगळं घड्याळ लावून सांगितलेलं. ते पुस्तक हजारो स्वयंपाकघरांत दरवर्षी उघडलं जातं आणि घाबरलेल्या माणसाला त्याचा फार मोठा आधार होतो. पण एका जेवणासाठी छत्तीस तासांचा नकाशा लागतो, याचाही विचार करायला हवा. त्या छत्तीस तासांत घरातलं एक माणूस सणात नसतं, कामावर असतं.

ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दि लिओनार्दो यांनी कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांत राहून, बोलून अभ्यास केला आणि 1987 मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी एका न दिसणाऱ्या कामाला नाव दिलं, ते मराठीत ‘नातेकाम’ म्हणता येईल. कुणाला कार्ड पाठवायचं, कुणाच्या वाढदिवसाला फोन करायचा, सणाला कुणाला बोलवायचं, कुणाला यंदा नाही बोलावलं तर चालेल, भेटी कुणासाठी काय घ्यायच्या, हे सगळं लक्षात ठेवणं आणि पार पाडणं. पगाराची नोकरी आणि घरकाम यांच्या पलीकडचं हे तिसरं काम. ते झालं तर कुणाला दिसत नाही, राहिलं की नाती विस्कटतात आणि दोष तिच्यावर येतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चकलीचं पीठ, दिव्यांचं तेल, भाऊबीजेचा हिशेब आणि सासर-माहेरच्या भेटी एकाच डोक्यात सांभाळणाऱ्या कोणत्याही मराठी बाईला हे उदाहरण देऊन समजावण्याची गरज नाही.

आयर्लंडमध्ये या कामाची दखल कॅलेंडरनेच घेतली आहे. 6 जानेवारीला, नाताळाचे बारा दिवस संपल्यावर, तिथे ‘नॉलिग ना मान’ म्हणजे ‘बायकांचा नाताळ’ असतो. विशेषतः कॉर्क आणि केरी भागांत त्या दिवशी पुरुषांनी स्वयंपाक-भांडी बघायची आणि बायकांनी मैत्रिणी-बहिणींबरोबर बाहेर पडायचं, चहा-केकवर किंवा पबमध्ये गप्पा मारत बसायचं, अशी रीत चालत आली. अलीकडे शहरांतल्या तरुणींनी ती नव्याने उचलली आहे. प्रथा गोड आहे. पण बारा दिवसांच्या सणात एका घटकाला विश्रांती मिळावी म्हणून तेरावा दिवस राखून ठेवावा लागावा, ही गोष्ट मनाला चुटपुट लावते.

अपेक्षा जेवढी मोठी, तेवढा आनंद कमी, याचे पुरावे मानसशास्त्रज्ञांनी गोळा केले आहेत. जोनाथन स्कूलर, डॅन एरियली आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 2003 मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. एकात त्यांनी माणसांना संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ ऐकवलं. काहींना नुसतं ऐका म्हणून सांगितलं, काहींना ऐकताना जास्तीत जास्त आनंदी होण्याचा प्रयत्न करा असं बजावलं. आनंदी होण्यासाठी झटणाऱ्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी बरं वाटलं. दुसरा अभ्यास 1999 च्या शेवटच्या रात्रीचा, जेव्हा सगळं जग नव्या सहस्रकाचं स्वागत करत होतं. ज्यांनी त्या रात्रीकडून जास्त अपेक्षा ठेवल्या होत्या आणि तयारीत जास्त जीव घातला होता, त्यांच्याच पदरी जास्त निराशा आली.

नाताळाचा थेट अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत टिम कॅसर आणि केनन शेल्डन यांनी 18 ते 80 वयाच्या 117 जणांना त्यांचा नाताळ कसा गेला ते विचारलं. निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले. कुटुंबाबरोबरचा वेळ आणि धार्मिक अनुभव ज्यांच्या सणात ठळक होते, त्यांना तो जास्त सुखाचा गेला. पैसे खर्च करणं आणि भेटी मिळवणं ज्यांच्या सणात ठळक होतं, त्यांचं समाधान कमी होतं. त्याच निष्कर्षांत एक छोटीशी नोंद आहे, जी दि लिओनार्दोंच्या निबंधाशेजारी ठेवून वाचावी: ज्यांचा नाताळ जास्त सुखाचा गेला, त्यांत वयस्कर माणसं आणि पुरुष पुढे होते.

भेटवस्तूंबद्दल अर्थशास्त्रज्ञांनाही काही सांगायचं आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्हाला मिळालेल्या भेटींना, त्यामागची माया बाजूला ठेवून, तुमच्या लेखी किती किंमत आहे. उत्तरांवरून त्यांनी हिशेब मांडला तो असा, की भेटीवर खर्च झालेल्या पैशातला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, कारण घेणाऱ्याला ती वस्तू तेवढी नको असते. जवळच्या मित्राची किंवा जोडीदाराची निवड बहुधा बरोबर निघते. लांबच्या नात्यातून आलेल्या वस्तूंत नुकसान जास्त. आहेरात आलेला ब्लाउजपीस कपाटातून निघून दुसऱ्या आहेरात जातो तेव्हा हाच हिशेब आपल्याकडे चाललेला असतो. मायेची किंमत मात्र त्या हिशेबात धरलेली नाही, हे विसरू नये. आजीने विणलेला वेडावाकडा स्वेटर बाजारभावात बसत नाही.

मग करायचं काय? सण सोडून द्यायचा असं कुणी म्हणत नाही. अमेरिकन लेखक आणि पर्यावरण चळवळीतले कार्यकर्ते बिल मॅकिबेन यांनी काढलेला मार्ग ऐकण्यासारखा आहे. ते आणि त्यांचे काही मित्र न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांतल्या मेथडिस्ट चर्चशी जोडलेले. तिथे त्यांनी कुटुंबांना विनंती केली की नाताळावर एकूण शंभर डॉलरपेक्षा जास्त खर्च करू नका. त्यावर त्यांनी 1998 मध्ये ‘हंड्रेड डॉलर हॉलिडे’ हे छोटं पुस्तकही लिहिलं. मॅकिबेन यांचा भर काटकसरीवर नव्हता. खर्चाला मर्यादा घातली की जास्त मजा येते, हे त्यांना दाखवायचं होतं. शंभर डॉलरांत बसवायचं म्हटल्यावर माणसं घरी जॅम करू लागली, लाकडाची खेळणी घडवू लागली, ‘एक दिवस तुझी भांडी मी घासीन’ अशा चिठ्ठ्या देऊ लागली. आकड्याने एक काम चोख केलं: नाही म्हणायला सभ्य कारण दिलं. ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणताना मान खाली जाते, ‘आमच्या चर्चने ठरवलंय’ म्हणताना जात नाही.

साधेपणा लोकांना रुचेल का, अशी शंका व्यापाऱ्यांप्रमाणे टीव्हीवाल्यांनाही होती. 1965 मध्ये ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ ही अर्ध्या तासाची कार्टूनफिल्म तयार झाली, तेव्हा सीबीएस वाहिनीचे अधिकारी ती पाहून नाराज झाले. मुलांच्या भूमिकांना खऱ्या मुलांचे अडखळते आवाज, पाठीमागे हशा नाही, संगीत जॅझचं, गती मंद. गोष्ट तरी काय, तर सगळे चकचकीत अॅल्युमिनियमच्या झाडांच्या मागे असताना एक उदास मुलगा काटकुळं, खरं, छोटंसं झाड घेऊन येतो आणि सगळे त्याला हसतात. 9 डिसेंबरला ती दाखवली गेली आणि त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांनी ती पाहिली. तिला एमी आणि पीबडी हे मानाचे पुरस्कार मिळाले. आजही तिथल्या दुकानांत मुद्दाम काटकुळं बनवलेलं, एकाच लाल गोळ्याने वाकलेलं झाड ‘चार्ली ब्राउनचं झाड’ म्हणून मिळतं.

हलका नाताळ ज्या घरांत जमतो, त्यांनी बहुधा आधी बोलून घेतलेलं असतं. हे बोलणं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करून उपयोग नसतो, तोवर टर्की सांगून झालेली असते आणि मनंही ठरून गेलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चहा घेताना, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: नाताळातलं तुला नेमकं काय आठवतं? उत्तरं मोठ्यांना चकित करणारी येतात. मुलांना महागडी खेळणी क्वचित आठवतात. वीज गेली होती तेव्हा मेणबत्तीत खेळलेले पत्ते आठवतात, पुडिंगचं मिश्रण ढवळायला मिळालं ते आठवतं. इंग्लंडमध्ये नाताळाच्या चार-पाच आठवडे आधीच्या एका रविवारी, ‘स्टर-अप संडे’ला, घरातल्या प्रत्येकाने एकेकदा पुडिंग ढवळायचं आणि मनात इच्छा धरायची अशी रीत आहे. एक लाकडी डाव, पाच मिनिटं, खर्च शून्य. जे प्रत्येकाला प्रिय आहे ते एक-दोन ठेवायचं, बाकीचं यंदा राहिलं तरी चालेल असं सगळ्यांसमोर म्हणून टाकायचं. मोठ्याने म्हणणं महत्त्वाचं, कारण जी बाई एकटीने मनातल्या मनात कमी करायचं ठरवते, ती ऐन वेळी पुन्हा सगळं करत बसते.

कुठल्या दिवशी, हाही हट्ट सोडता येतो. लंडनमध्ये 25 डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि बस चालत नाहीत, देशभरच्या रेल्वेगाड्याही बंद असतात. गाडी नसलेला माणूस जिथे असेल तिथेच अडकतो. रुग्णालयातल्या परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान, वृद्धाश्रमातले सेवक त्या दिवशी कामावर असतात. अशांच्या घरांत नाताळ 27 तारखेला किंवा त्यानंतरच्या रविवारी होतो, आणि मुलं तक्रार करत नाहीत. जेवणात प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, मोठ्या माणसांनी चिठ्ठ्या टाकून एकानेच एकाला भेट द्यायची, कार्डांच्या यादीतल्या पंचवीस नावांऐवजी पाच जणांना मनापासून फोन करायचा, यांतलं काहीही नवं नाही. आइसलँडमधल्या अनेक घरांत तर नाताळाच्या आदल्या रात्री पुस्तकं भेट देतात आणि रात्र वाचण्यात घालवतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे बाकीच्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती, कागद मात्र मिळत होता. पुस्तक देण्याची पद्धत त्या टंचाईतून घट्ट झाली आणि टंचाई संपल्यावरही टिकली.

सर्वांत अवघड असतं ते माणसांकडून ठेवलेल्या अपेक्षा सोडणं. टेबलाशी बसल्यावर सगळे एकमेकांशी प्रेमाने वागतील, वर्षभराचे रुसवे त्या दिवशी मिटतील, वडील एकदा तरी कौतुकाचा शब्द बोलतील, या अपेक्षा कुठल्याही टर्कीपेक्षा जड असतात. वर्षभर न बोलणारे दोन भाऊ एका दुपारी एकत्र जेवले, निरोप घेताना दार आपटलं नाही, एवढं झालं तर तो दिवस चांगला गेला असं धरायला हरकत नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी आयांबद्दल बोलताना ‘पुरेशी चांगली आई’ अशी कल्पना मांडली होती. मुलाला निर्दोष आईची गरज नसते. थोडं चुकणाऱ्या, पण जवळ असणाऱ्या आईच्या सहवासात ते जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. सणाच्या बाबतीतही हाच दिलासा घेता येतो.

ज्या घरात यंदा एक खुर्ची रिकामी आहे, तिथे तर आनंदाची अपेक्षासुद्धा क्रूर वाटते. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक चर्चमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, ‘ब्लू ख्रिसमस’ नावाची प्रार्थना होते. तिथे झगमगाट नसतो, उत्साही गाणी नसतात. माणसं येतात, गेलेल्या माणसासाठी मेणबत्ती लावतात, रडतात, शेजारच्याचा हात धरतात. पोलंडमध्ये नाताळाच्या पूर्वसंध्येला आकाशात पहिला तारा दिसल्यावर जेवायला बसतात आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं. ते अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी, असं सांगतात. कित्येक घरांत ते ताट बघून न परतलेल्या माणसाची आठवण निघते. दुःखाला जेवणाच्या खोलीत जागा ठेवणारी ही रीत फार शहाणी आहे.

लंडन, न्यू जर्सी किंवा टोरोंटोतल्या मराठी घरांत नाताळ येतो तो बहुधा मुलांच्या शाळेतून. मुलं घरी झाड मागतात, शाळेला सुट्टी, दुकानं बंद, रस्ते सुनसान. आजी-आजोबा पुण्यात किंवा नाशकात. ब्रिटनमधल्या घरात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, जेवणं उरकून आजी फोन घेऊन वाटच बघत असते. या घरांवर नाताळाच्या जुन्या अपेक्षांचं ओझं नाही. म्हणून तिथे चौघांचं जेवण, एक लांब चक्कर आणि दुपारची झोप एवढ्यात दिवस सहज पूर्ण होतो. त्याच घरात दिवाळीला मात्र चार पदार्थ झाले नाहीत तर आईला चुटपुट लागते.

गोवा आणि वसईच्या ख्रिस्ती घरांना मात्र नाताळाचं ओझं ठाऊक आहे आणि ते हलकं करण्याची रीतही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. डिसेंबर लागला की गोव्यात नेवऱ्या, दोदोल, दोस, बेबिंक यांची तयारी सुरू होते. बेबिंकचा एकेक थर वेगळा भाजायचा. त्याला एक अख्खा दिवस आणि एका माणसाची कंबर लागते. दोदोल आटेपर्यंत ढवळत राहायचं म्हणजे मजबूत हात हवा. मग पदार्थांनी भरलेली ताटं शेजारीपाजारी जातात, हिंदू घरांतही; दिवाळीत तिकडून फराळ आलेला असतो. आता मुलं आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये. म्हाताऱ्या जोडप्याला सात-आठ पदार्थ झेपत नाहीत. बेबिंक आणि दोदोल गावातल्याच एखाद्या हातखंडा बाईकडून विकत आणले जातात आणि त्यात कमीपणा मानण्याचं कारण उरलेलं नाही. ताट जातंच, फक्त लहान झालेलं असतं.

कुलकुल तेवढं बऱ्याच घरांत अजून घरीच होतं, कारण ते एकट्याने करायचा पदार्थच नाही. मैद्याचं गोडसर पीठ मळायचं, आवळ्याएवढ्या गोळ्या करायच्या, प्रत्येक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची की शिंपल्यासारखा नक्षीदार वळसा तयार होतो. मग तळायचे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आजी, सून, पोरं, कामावरून आलेला मुलगा, शेजारची मुलगी असे सगळे बसतात. पिठाचा गोळा मोठा असतो आणि वळसे हळूहळू होतात, म्हणून दोन-दोन तास गप्पा चालतात. लहानांच्या हातचे काही कुलकुल जाड होतात, काही उलगडतात, एखाद्याचा नुसता गोळाच राहतो. आजी ते बाजूला काढत नाही. सगळे एकाच कढईत पडतात आणि तळून झाले की एकाच डब्यात जातात.